वाचकांचे प्रश्न : गैरहजेरी मान्य झाली, तरी दिवस मोजला जातो

अमेरिकेतील हायस्कुलांच्या हजेरीचा विषय मागील अंकात ओझरता आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांची संख्या पाहता हा विषय अनेक मराठी घरांना छळतो आहे, हे स्पष्ट झाले. मी एका सार्वजनिक हायस्कुलाच्या हजेरी कार्यालयात अनेक वर्षे काम केले. सकाळी साडेसातला पालकांचे ध्वनिमुद्रित निरोप ऐकून नोंदी करायच्या, दहा वाजता कोणाची चिठ्ठी आली नाही ते पाहायचे आणि दुपारी त्या घरांना फोन लावायचे, असा तो दिनक्रम होता. त्या अनुभवाच्या आणि प्रत्यक्ष नियमांच्या आधारे पुढील उत्तरे दिली आहेत. शालेय शिक्षण हा अमेरिकेत राज्यांचा विषय असल्यामुळे हजेरीचा एकच राष्ट्रीय कायदा नाही. मॅसॅच्युसेट्सने १८५२ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा पहिला राज्यव्यापी कायदा केला आणि मिसिसिपीने सर्वांत शेवटी, १९१८ मध्ये. आजही कोणत्या वयापर्यंत शाळा सक्तीची आणि कोणते कारण मान्य, हे प्रत्येक राज्य ठरवते, आणि त्यावर प्रत्येक शाळा-जिल्हा, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आपले बारीक नियम घालते. म्हणून ज्या राज्याचा नियम सांगितला आहे, त्याचे नाव प्रत्येक ठिकाणी दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. या वर्षी त्याला आधी फ्लू झाला आणि नंतर दम्याचा त्रास उलटला. एकूण एकोणीस दिवस बुडाले. प्रत्येक दिवसाची चिठ्ठी आम्ही दिली, बहुतेक दिवसांचे डॉक्टरांचे पत्रही दिले, आणि संकेतस्थळावर सर्व गैरहजेरी ‘एक्सक्यूज्ड’, म्हणजे मान्य, दिसते. असे असताना ‘आपला पाल्य दीर्घकाळ गैरहजर आहे’ असे पत्र शाळेने का पाठवले? आम्ही खोटे बोलतो, असे त्यांना वाटते का?

उत्तर : नाही, आपल्या खरेपणाबद्दल शाळेने कोणतीही शंका घेतलेली नाही. हे पत्र बहुधा संगणकाने आपोआप काढलेले असते, आणि त्यामागचा हिशोब वेगळा असतो. आपल्याकडे शाळेत चिठ्ठी दिली की खाडा माफ झाला आणि विषय संपला, अशी आपली सवय असते. इथे मात्र एकाच गैरहजेरीची नोंद तीन वेगवेगळ्या वह्यांत होते, असे समजावे. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ पालकांचा गोंधळ या तीन वह्या एकच मानल्यामुळे झालेला असे.

पहिली वही कायद्याची. विनाकारण शाळा बुडवणे, म्हणजे ‘ट्रुअन्सी’, तिच्यात मोजली जाते. कॅलिफोर्नियात एका शैक्षणिक वर्षात वैध कारणाशिवाय तीन पूर्ण दिवस गैरहजर राहिल्यास, किंवा तीन वेळा तीस मिनिटांपेक्षा अधिक उशीर झाल्यास, विद्यार्थी या व्याख्येत येतो आणि शाळेला पालकांना कळवावे लागते. या वहीत केवळ अमान्य गैरहजेरी धरतात. आपल्या मुलाचे सर्व दिवस मान्य असल्यामुळे इथे त्याच्या नावावर काहीही नाही.

दुसरी वही दीर्घकालीन गैरहजेरीची. नोंदणी असलेल्या शालेय दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस बुडाले की विद्यार्थी या यादीत जातो, आणि इथे कारण विचारले जात नाही. आजारपण, अंत्यविधी, दांडी, सर्व सारखेच मोजले जाते. वर्ष १८० दिवसांचे असेल तर अठराव्या दिवशी ही रेषा ओलांडली जाते, म्हणजे महिन्याला साधारण दोन दिवस. आपले एकोणीस झाले, म्हणून पत्र आले. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानंतर राज्यांना हे आकडे जाहीर करावे लागतात. महासाथीपूर्वी देशभरात सुमारे १५ टक्के विद्यार्थी या यादीत होते, २०२१-२२ मध्ये ते प्रमाण सुमारे २८ टक्क्यांपर्यंत गेले, आणि तेव्हापासून शाळा या पत्रांबाबत अधिक जागरूक झाल्या आहेत. यामागचा विचार मला पटतो. आजारपणामुळे बुडालेला भूमितीचा तास हा दांडी मारून बुडालेल्या तासाइतकाच बुडालेला असतो, आणि मूल मागे पडते आहे हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. पटत नाही ती पत्राची भाषा, कारण दवाखान्यात रात्री काढलेल्या आईला ती आरोपासारखी वाटते.

तिसरी वही श्रेयांकांची, म्हणजे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी विषयागणिक जमा होणाऱ्या ‘क्रेडिट’ची. विषयाचे श्रेय मिळण्यासाठी किमान उपस्थिती लागते का, हे राज्य किंवा शाळा-जिल्हा ठरवतो. त्याविषयी पुढील प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

आता आपण काय करावे? पत्राला उत्तर म्हणून चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा पाठवू नका, त्या शाळेकडे आहेतच. त्याऐवजी दोन गोष्टी लेखी मागा. पहिली, बुडालेल्या अभ्यासाची. मान्य गैरहजेरीच्या काळातील सर्व गृहपाठ आणि चाचण्या, ज्या वाजवीपणे देता येण्याजोग्या आहेत त्या, पूर्ण करू देण्याचे बंधन कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शिक्षकांवर घातले आहे, आणि त्या वेळेत समाधानकारक पूर्ण केल्या तर पूर्ण गुण देण्याचेही. दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. दमा हा पुन्हा उलटणारा आजार असल्यामुळे अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्यांना सोयी मिळवून देणाऱ्या, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ खाली मुलाचे मूल्यमापन करावे, अशी विनंती शाळेच्या समुपदेशकांना ई-मेलने करा. ‘फाइव्ह-ओ-फोर प्लॅन’ या नावाने शाळेत सर्वजण ती योजना ओळखतात. ती मंजूर झाली तर गृहपाठाला वाढीव मुदत, व्यायामाच्या तासात सवलत, लांबलेल्या आजारपणात घरी शिकवणी अशा गोष्टी त्यात लिहून घेता येतात. ही विनंती तोंडी करू नका. समुपदेशकांच्या हाताखाली शेकडो मुले असतात, आणि व्हरांड्यात झालेले बोलणे संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये आहोत. मुलीला गणितात चांगले गुण आहेत, पण उपस्थिती कमी असल्यामुळे त्या विषयाचे श्रेय रोखले असल्याचे कळवले आहे. ती तर जवळजवळ रोज शाळेत जाते!

उत्तर : आपले वाक्य आणि शाळेचे पत्र, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. टेक्सासच्या शिक्षण संहितेनुसार एखाद्या विषयाचा तास जितके दिवस असतो, त्यांपैकी किमान ९० टक्के दिवस विद्यार्थी त्या तासाला उपस्थित नसेल, तर त्या विषयाचे श्रेय देता येत नाही. मोजणी विषयवार होते. नव्वद दिवसांच्या सत्रात नऊ गैरहजेरीपर्यंत निभावते, दहाव्या गैरहजेरीला तोल जातो. गणित पहिल्या तासाला आहे का, हे आधी पाहा. दातांना तार लावलेल्या मुलांच्या दर महिन्याच्या भेटी, सकाळची चुकलेली बस, आठ वाजताची डॉक्टरांची वेळ, हे सर्व एकाच विषयाच्या माथी येते आणि बाकीचे सहा विषय स्वच्छ राहतात. असे कित्येक तक्ते मी पाहिले आहेत. आडव्या रांगेत महिनाभराच्या तारखा, उभ्या रांगेत तास, आणि गैरहजेरीची सारी अक्षरे पहिल्या तासाच्या ओळीत गोळा झालेली. पालकांना तो कागद दाखवला की ते काही क्षण बोलत नसत.

यातून मार्ग आहे. उपस्थिती ७५ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर मुख्याध्यापकांनी मंजूर केलेली भरपाईची योजना पूर्ण करून श्रेय मिळते. शाळेआधी किंवा शाळेनंतर थांबून तास भरून काढणे, हे तिचे नेहमीचे रूप असते. ते शक्य नसेल, किंवा उपस्थिती त्याहूनही कमी असेल, तर हजेरी समितीकडे अर्ज करता येतो आणि समिती परिस्थिती पाहून श्रेय देऊ शकते. अर्जात भावनिक मजकूर थोडा आणि तारखा अधिक असाव्यात. कोणत्या दिवशी काय कारण होते, त्याचा पुरावा कोणता आणि त्या दिवसाचा अभ्यास केव्हा पूर्ण केला, असा सरळ तक्ता जोडावा.

टेक्सासमधील आणखी एक तरतूद अनेकांना ठाऊक नसते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी किंवा जाऊन आल्यावर विद्यार्थी त्याच दिवशी शाळेत आला आणि त्याने दवाखान्याची चिठ्ठी दिली, तर ती गैरहजेरी माफ होऊन त्याला उपस्थित धरले जाते. म्हणून दातांच्या भेटीनंतर ‘आता दीडच तास उरला आहे, कशाला जायचे’ असे म्हणून मुलीला घरी नेऊ नका. त्या दीड तासाची किंमत सत्राच्या शेवटी कळते.

प्रश्न : माझ्या भावाचे लग्न डिसेंबरमध्ये पुण्यात आहे. नाताळच्या सुट्टीला जोडून मुलाची शाळा आधीचे आठ दिवस बुडेल. ओळखीच्या सर्वांनी सांगितले की ‘ताप आहे’ असे कळवा, कोणी तपासत नाही. तसे करावे का?

उत्तर : करू नये, आणि हे मी नियमांच्या भीतीने सांगत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या समोर आपण खोटी चिठ्ठी लिहितो, तेव्हा पुढच्या वर्षी तो स्वतः तशीच चिठ्ठी लिहील त्या वेळी आपल्याला बोलायला जागा राहत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या बनावट सह्यांपैकी बऱ्याच सह्या घरी पाहून शिकलेल्या होत्या. शिवाय व्यवहारातही ते टिकत नाही. मूल शाळेत परतल्यावर मित्रांना मेंदी आणि वरात यांची छायाचित्रे दाखवते आणि दुपारपर्यंत शिक्षकांना सर्व समजलेले असते.

खरे काय ते सांगितले तर काय होईल? बहुतेक शाळा-जिल्हे कौटुंबिक प्रवास हे मान्य कारण धरत नाहीत. काही जिल्हे मुख्याध्यापकांच्या पूर्वपरवानगीने मोजके दिवस मान्य करतात. म्हणून किमान तीन आठवडे आधी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. जाण्याची आणि परतण्याची तारीख, मुलाचे आजवरचे हजेरीपत्रक आणि प्रत्येक विषयाच्या अभ्यासाची विनंती, एवढे पत्रात असावे. कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे. निघण्यापूर्वी शाळेशी ‘इंडिपेंडंट स्टडी’चा, म्हणजे शाळेबाहेर राहून ठरलेला अभ्यास करण्याचा, लेखी करार केला आणि ठरलेला अभ्यास पूर्ण करून दिला, तर ते दिवस उपस्थितीत धरले जातात. प्रत्येक जिल्हा ही सोय आपल्या पद्धतीने राबवतो, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे.

परवानगी मिळाली नाही तरी लग्नाला जाणे हा आपला निर्णय आहे, आणि सख्ख्या मामा-काकाच्या लग्नाला मुलाने असावे असे मलाही वाटते. मात्र ते दिवस अमान्य म्हणून लागतील आणि वर सांगितलेल्या पहिल्या वहीत जातील, हे समजून जावे. सत्रपरीक्षेचा आठवडा टाळता आला तर उत्तम. डिसेंबरचे ते शेवटचे दिवस बहुतेक शाळांत परीक्षेचेच असतात, आणि अमान्य गैरहजेरीतील परीक्षा पुन्हा घेण्याचे बंधन सहसा शिक्षकांवर नसते.

याच विषयावर व्हर्जिनियातील एका वाचकांचे पत्र आहे. व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख पुढे गेल्यामुळे कुटुंब भारतात अडकले, आणि परतल्यावर मुलीचे नाव पटावरून काढल्याचे कळले. व्हर्जिनियात सलग पंधरा शालेय दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याचे नाव पटावरून कमी होते. त्यात शिक्षेचा भाग नाही, ती नोंदीची पद्धत आहे, आणि मुलीला पुन्हा प्रवेश मिळतो. पत्त्याचा पुरावा आणि लसीकरणाची कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात, आणि आवडीचे विषय दरम्यान भरले असतील तर ते मात्र हातचे जाऊ शकतात. अडकल्याचे लक्षात येताच, पंधरावा दिवस येण्यापूर्वी, दूतावासाच्या भेटीच्या तारखेच्या कागदासह शाळेला ई-मेल पाठवायला हवी होती. अनेक पालक व्हिसाचा उल्लेख करायला घाबरतात, म्हणून स्पष्ट लिहिते : सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालानुसार सार्वजनिक शाळा इमिग्रेशनच्या दर्जावरून मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही.

प्रश्न : सासूबाई गेल्या. आम्ही रात्रीच भारतात निघालो, शाळेला कळवायचे भान राहिले नाही. आता सारे दिवस ‘अनएक्सक्यूज्ड’ लागले आहेत.

उत्तर : आपल्या दुःखात सहभागी आहे. ही नोंद बदलता येते. उशिरा दिलेली चिठ्ठी बहुतेक कार्यालये स्वीकारतात, फक्त प्रत्येक जिल्ह्याची मुदत वेगळी असल्याने आज-उद्याच लिहावे. नात्याच्या चौकटीत ‘आजी’ असे स्पष्ट लिहावे, ‘नातेवाईक’ असे मोघम लिहू नये. किती दिवस मान्य होतील हे राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात २०२४ पासून जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अंत्यविधी आणि शोकासाठी पाच दिवसांपर्यंतची गैरहजेरी कायद्यानेच मान्य आहे, आणि त्यात आजी-आजोबा येतात. तेरा दिवसांचे विधी आणि येण्याजाण्याचा प्रवास त्यात मावत नाही, हे खरे आहे. उरलेल्या दिवसांसाठी मुख्याध्यापकांकडे स्वतंत्र विनंती करावी आणि अंतराचा उल्लेख जरूर करावा.

माझी मुलगी नववीत असताना माझे वडील गेले आणि आम्ही अकरा शालेय दिवस इथे नव्हतो. परतल्यावर तिच्या शाळेतून आलेल्या पत्रात पहिल्याच ओळीत दंडाचा उल्लेख होता. हजेरीचेच काम करणारी मी, पण ते पत्र हातात धरून स्वयंपाकघरात रडले होते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांना भेटून तेराव्याचा अर्थ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि अकराही दिवसांची नोंद बदलली. तोपर्यंत त्यांना कोणी हे समजावून सांगितलेच नव्हते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. सकाळी पोटात कालवते, हात थरथरतात आणि शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरताच येत नाही. आईबाबा म्हणतात की ही नाटके आहेत आणि मन लागत नाही हे काही सुट्टीचे कारण नाही. खरेच नाही का? (इलिनॉयमधील विद्यार्थिनी)

उत्तर : तू हे लिहिलेस, याचे मला फार बरे वाटले. तू वर्णन केलेला त्रास खरा आहे आणि तो अनेक मुलामुलींना होतो. तुझ्या राज्यात तो गैरहजेरीचे मान्य कारणही आहे. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२२ पासून विद्यार्थ्याला मानसिक आरोग्यासाठी वर्षाला पाच दिवसांपर्यंत मान्य रजा मिळते आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. ओरेगॉनने २०१९ मध्येच असा कायदा केला, आणि त्यासाठी तुझ्याच वयाच्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेतला होता. कॅलिफोर्नियानेही आजारपणाच्या व्याख्येत मानसिक आरोग्याचा समावेश केला आहे.

पण एक गोष्ट तुला विश्वासात घेऊन सांगते. हे पाच दिवस उपचार नाहीत. ज्याला शाळेची भीती वाटते त्याला घरी राहिल्यावर त्या दिवशी मोकळे वाटते, आणि नेमके त्यामुळेच दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये उतरणे आणखी जड होते. त्या रजेचा उपयोग डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची पहिली भेट घेण्यासाठी कर. तुमच्या राज्यात अशी दुसरी रजा घेतल्यावर शाळा विद्यार्थ्याला मदत करणाऱ्या योग्य कर्मचाऱ्यांकडे पाठवू शकते. ती मदत नाकारू नकोस. समुपदेशकांना सांगताना ‘मला बरे वाटत नाही’ असे न म्हणता मला लिहिलेस तेच सांग : पोटात कालवते, हात थरथरतात, गाडीतून उतरता येत नाही. सकाळी थेट वर्गात न जाता दहा मिनिटे त्यांच्या खोलीत बसणे, पहिला तास काही आठवडे ग्रंथालयात करणे, अशा सोयी वर उल्लेखलेल्या ‘फाइव्ह-ओ-फोर प्लॅन’मध्ये लिहून घेता येतात. ज्या मुलांनी अर्ध्या दिवसापासून सुरुवात केली, ती पुढे पूर्ण दिवसावर आलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आणि कधी जगणेच नकोसे वाटले, तर कोणत्याही वेळी ९८८ या मानसिक संकटातील मदतीच्या क्रमांकावर फोन किंवा संदेश कर.

तुझ्या आईबाबांनी हे उत्तर वाचावे, अशी माझी इच्छा आहे. आपण ज्या शाळांत शिकलो, तिथे पोट दुखते म्हटले की गृहपाठ झाला नसेल असे धरले जाई, आणि तोच हिशोब आपण इथे लावतो. ज्या मुलीला नाटक करायचे असते ती गाडीत बसून शाळेच्या दारापर्यंत येत नाही. ही रोज येते आणि तिथे अडते. तिला उतरता येत नाही, एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि ते बालरोगतज्ज्ञांसमोर एकदा मांडायला हवे.

प्रश्न : शाळेतून रोज संध्याकाळी यंत्राचा फोन येतो की मुलगा चौथ्या तासाला गैरहजर होता. मुलगा म्हणतो की तो वर्गातच होता. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : आधी कागदावर. हायस्कुलात प्रत्येक तासाला वेगळी हजेरी लागते आणि ती वेगवेगळे शिक्षक पहिल्या काही मिनिटांत संगणकावर टिपतात. मुलगा दोन मिनिटे उशिरा आला, शिक्षकांनी आधीच खूण केली होती, आणि नंतर ती ‘उशीर’ अशी बदलायची राहून गेली, असे सर्रास होते. बदली शिक्षक असतील तर कागदी यादीवरून नंतर नोंद होते आणि एक ओळ वरखाली सरकते. बॅंड, समुपदेशकांची भेट, परिचारिकेची खोली, खेळाच्या सामन्यासाठी लवकर सुटणे, या वेळी मूल शाळेतच असते पण त्या तासाला नसते, आणि संबंधितांनी कळवले नाही तर नोंद गैरहजेरीचीच राहते.

रोज चौथाच तास येतो, ही मात्र विचार करण्याजोगी बाब आहे. चौथा तास जेवणाच्या सुट्टीनंतर आहे का? शाळेबाहेर जाऊन जेवण्याची परवानगी असलेली मुले परतायला उशीर करतात. मुलावर आरोप न करता त्याच्यासमोर पालकांच्या संकेतस्थळावरील हजेरीचे पान उघडा आणि एकेक तारीख वाचा. ज्या दिवशी तो वर्गात होता त्या दिवसाचा काही पुरावा बहुधा सापडतोच : त्या तासाला दिलेली चाचणी, प्रयोगवहीतील तारीख, ऑनलाइन जमा केलेले काम. तेवढ्या तारखा लिहून त्या शिक्षकांना ई-मेल करा आणि हजेरी कार्यालयाला प्रत पाठवा. नोंद बदलण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या दुरुस्तीवर अवलंबून असतो. टेबलापलीकडची कर्मचारी आपल्या बाजूने असली तरी तिला स्वतःहून ती खूण पुसता येत नाही. हे काम त्याच आठवड्यात करावे, कारण दोन महिन्यांनी त्या तासाला कोण कुठे बसले होते ते कोणालाच आठवत नाही.

प्रश्न : दिवाळीला मुलांना घरी ठेवले तर चालते का?

उत्तर : धार्मिक सणासाठीची गैरहजेरी बहुतेक राज्यांत मान्य असते, मात्र पालकांनी आधी लेखी कळवावे लागते. न्यू जर्सीत राज्याचे शिक्षण मंडळ अशा सणांची यादीच दरवर्षी जाहीर करते. त्या दिवशी गैरहजर राहिल्याबद्दल विद्यार्थ्याला कोणत्याही पारितोषिकापासून वंचित ठेवता येत नाही आणि बुडालेली चाचणी शाळेला पुन्हा घ्यावी लागते. टेक्सासमध्ये सणासाठी प्रवास करावा लागला तर जाण्यायेण्याचा एकेक दिवसही मान्य होतो. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शाळांना २०२३ च्या कायद्यानुसार दिवाळीची सुट्टीच आहे, आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पहिल्यांदा त्यासाठी बंद राहिल्या.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे आणि गेल्या महिन्यात अठरा वर्षांची झाली. आता ती स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहिते आणि शाळा ती घेते. आम्हाला काही कळतच नाही. हे योग्य आहे का?

उत्तर : अनेक शाळांत अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला एक अर्ज भरून स्वतःच्या चिठ्ठीवर सही करण्याची मुभा मिळते. शालेय नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार अठराव्या वर्षी नोंदींवरील पालकांचे हक्क विद्यार्थ्याकडे जातात. तथापि मुलगी करविवरणपत्रात आपल्यावर अवलंबून दाखवली असेल, तर शाळा आपल्याला तिच्या नोंदी दाखवू शकते. तशी विनंती करता येईल, पण त्याआधी मुलीलाच संकेतस्थळावरील आपली हजेरी दाखवायला सांगावे. तिच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले असेल तर ते तिने आपल्याबरोबर बसून पुन्हा वाचावे. अंतिम गुणपत्रक समाधानकारक असावे, अशी अट त्यात बहुधा असते, आणि वसंत सत्रात बुडवलेले तास त्या गुणपत्रकात उतरतात.